दोन अटॅकच्या मधला दमा

‘मला दमा होता, आता नाही, सहा महिन्यांत एकदाही अटॅक आलेला नाही,’ असे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. रात्री खोकल्याने जाग येते का, असे त्यांना विचारले तर बरेच जण ‘येते अधूनमधून, पण ती सर्दीची ढास आहे’ असे सांगून मोकळे होतात. दमा म्हणजे अटॅक आणि अटॅक नाही म्हणजे दमा नाही, असे हे गणित आहे आणि ते चुकीचे आहे. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. ती शांत दिवसांतही बहुधा पूर्णपणे जात नाही, आणि या शांत दिवसांत तिची निगा कशी राखली यावर पुढचा अटॅक येणार की टळणार हे बऱ्याच अंशी ठरते.

श्वास अडतो तो तीन कारणांनी. नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजून आतली वाट अरुंद होते आणि चिकट कफ साचून उरलीसुरली वाटही अडवतो. यांपैकी आवळलेले स्नायू योग्य औषधाने पाच-दहा मिनिटांत सैल पडू लागतात. सूज उतरायला मात्र दिवस आणि आठवडे लागतात. दम्याच्या उपचारातली बहुतेक गफलत या दोन वेगांमधल्या फरकातून होते, कारण स्नायू सैल पडून मोकळे वाटले की सूजही गेली, असा रुग्णाचा समज होतो.

लक्षणे कशी ओळखावीत

धाप कोणालाही लागते. चार मजले चढल्यावर धाप लागणे हा आजार नव्हे. दम्याची खूण अशी की खोकला, धाप, छातीतली घरघर आणि छाती आवळल्याची भावना, या चारांपैकी एकाहून अधिक लक्षणे एकत्र येतात, येऊन-जाऊन राहतात आणि त्यांची तीव्रता दिवसागणिक, किंबहुना तासागणिक बदलते. त्रास रात्री आणि पहाटे वाढतो. सर्दी-पडसे झाले, धूळ झाडली, थंड हवेत गेले, पळापळ केली, एवढेच काय, पोट धरून हसले तरी तो उचल खातो. अनेक रुग्ण हेही सांगतात की श्वास आत घेता येतो पण बाहेर सोडताना तो अडतो, आणि घरघरीचा शिट्टीसारखा बारीक आवाज तेव्हाच ऐकू येतो.

घरघर नाही म्हणून दमा नाही, असे मात्र समजू नये. काही जणांना महिनोन्‌महिने फक्त कोरडा खोकला असतो. काहींना व्यायाम चालू असताना काही होत नाही आणि तो थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती भरून येते, त्यामुळे त्याचा संबंध व्यायामाशी आहे हेच लक्षात येत नाही. लहान मूल ‘मला धाप लागते’ असे सांगत नाही. ते खेळता खेळता कडेला जाऊन बसते, हसल्यावर किंवा रडल्यावर खोकत राहते आणि प्रत्येक सर्दी त्याच्या छातीत उतरते. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांत विषाणूंमुळे होणारी घरघर फार सर्रास आढळते आणि प्रत्येक घरघर पुढे दमा ठरत नाही, म्हणून ‘बाळदमा’ हा शिक्का घरच्या घरी मारू नये.

उलट, काही खुणा दुसऱ्या दिशेला बोट दाखवतात. धाप लागताना हातापायांना मुंग्या येणे, पायांवर सूज असणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, वजन घटणे, किंवा अनेक वर्षे धूम्रपान केल्यानंतर उतारवयात पहिल्यांदा दम लागू लागणे, यांपैकी काही असेल तर दमा गृहीत न धरता डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे.

निदानासाठी स्पायरोमेट्री ही फुंकण्याची तपासणी करतात. आधी जोराने फुंकून घेतात, मग नलिका रुंदावणारे औषध देऊन साधारण १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला सांगतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण प्रौढांमध्ये औषधानंतर किमान १२ टक्के आणि २०० मिलिलीटरने वाढले, तर ती दम्याच्या बाजूची भक्कम साक्ष मानली जाते. दमा कमी-जास्त होणारा आजार असल्याने बऱ्या दिवशी केलेली तपासणी अगदी सामान्यही येऊ शकते. तेवढ्यावरून ‘काही नाही’ असे ठरवू नये, त्रास असताना ती पुन्हा करून घ्यावी. तपासणीच न करता वर्षानुवर्षे औषधे घेत राहणे मात्र मला मुळीच पटत नाही.

महिन्यातून एकदा चार प्रश्न

आपला दमा आटोक्यात आहे की नाही, हे ‘बरे वाटते’ या भावनेवर सोडू नये. शरीर कमी श्वासाची सवय करून घेते आणि माणूस नकळत आपली चाल, जिने, बोलणे त्या मापात बसवतो. म्हणून गेल्या चार आठवड्यांपुरते चार प्रश्न स्वतःला विचारावेत: दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला का, दम्यामुळे एकदा तरी रात्री झोपमोड झाली का, तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का, आणि दम्यामुळे एखादे काम किंवा हालचाल टाळावी लागली का. चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर दमा आटोक्यात आहे. एक किंवा दोन ‘हो’ असतील तर तो अर्धवट आटोक्यात आहे, आणि तीन-चार असतील तर आटोक्याबाहेर आहे. चौथ्या प्रश्नाला उत्तर देताना घरातल्या माणसाला जवळ बसवावे, कारण आपण लिफ्टने कधीपासून जाऊ लागलो हे आपल्यापेक्षा त्यांना अधिक नेमके आठवते.

ज्यांना त्रास वाढत असल्याचे उशिरा जाणवते किंवा ज्यांना आधी मोठा अटॅक येऊन गेला आहे, त्यांनी पीक फ्लो मीटर घरी ठेवावा. ही जोरात फुंकलेल्या श्वासाचा वेग मोजणारी, हातात मावणारी नळी असते. उभे राहून काटा शून्यावर आणावा, छाती भरून श्वास घ्यावा, नळीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एकाच झटक्यात फुंकावे, असे तीनदा करावे आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवावा. सरासरी काढू नये. दमा चांगला आटोक्यात असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंदी केल्या की स्वतःचा सर्वोत्तम आकडा समजतो. समजा तो मिनिटाला ४०० लिटर आहे. मग ३२० च्या वर, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, असेपर्यंत ठीक. ३२० ते २०० या पट्ट्यात आल्यास डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आराखड्याप्रमाणे औषध वाढवण्याची वेळ झाली. आणि २०० च्या खाली, म्हणजे निम्म्याहून कमी, आल्यास ती तातडीची बाब आहे. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नये, कारण हा आकडा वय, उंची आणि लिंगाप्रमाणे बदलतो.

आरामाचे औषध आणि सुजेचे औषध

दम्याची औषधे मुख्यतः दोन कामांची असतात. साल्ब्युटामॉलसारखे औषध आवळलेले स्नायू सैल करते, काही मिनिटांत आराम देते आणि साधारण ४ ते ६ तास टिकते. सुजेला ते हात लावत नाही. श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, उदाहरणार्थ बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन, सूज उतरवते, पण ते घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही. साहजिकच रुग्णाला पहिले औषध ‘चालणारे’ वाटते आणि दुसरे फुकट गेल्यासारखे. दुसरे सुटते, पहिले वाढते, आणि सूज वाढत राहते.

म्हणूनच २०१९ मध्ये ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या आंतरराष्ट्रीय मंडळाने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि प्रौढांनी व किशोरवयीन मुलांनी केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर दमा सांभाळू नये, सौम्य दम्यातही उपचारात श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड असावे, असे सांगितले. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप आता अनेकांना आरामासाठी दिला जातो, कारण फॉर्मोटेरॉल लगेच काम करते आणि त्याच फवाऱ्यातून सुजेचे औषधही आत जाते. प्रत्येक जोडपंप असा वापरता येत नाही. साल्मेटेरॉल असलेला पंप सावकाश काम करतो, त्यामुळे दम लागल्यावर तो घेऊन उपयोग नाही. पंपाच्या रंगावर विसंबण्यापेक्षा त्यावरचे नाव वाचावे आणि कोणता कशासाठी हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

२०० फवाऱ्यांचे साल्ब्युटामॉलचे तीन किंवा त्याहून अधिक पंप वर्षभरात संपत असतील, तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो. पंप पुन्हा विकत घ्यायच्या वेळी मागचा कधी घेतला होता, एवढी तारीख त्याच्या खोक्यावर लिहिली तरी हा हिशेब आपोआप राहतो.

‘स्टेरॉइड’ या शब्दाने घाबरून अनेक घरांत पंप कपाटातच राहतो आणि ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ असे बोलले जाते. हिशेब उलट आहे. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४० फवाऱ्यांइतके औषध सगळ्या शरीरातून फिरते आणि हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातले स्टेरॉइडही मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते आणि ते हवे तिथेच पोचते. त्याचे नेहमीचे त्रास म्हणजे आवाज बसणे आणि तोंडात पांढरी बुरशी येणे. प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकले तर ते बरेचसे टळतात. मोठ्या मात्रा दीर्घकाळ घ्याव्या लागल्या तर अधिक काळजी लागते, म्हणून दमा साधारण तीन महिने नीट आटोक्यात राहिला की मात्रा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये. गरोदरपणात तर मुळीच नाही, कारण त्या काळात न सांभाळलेला दमा हा औषधांपेक्षा आई आणि बाळ दोघांनाही अधिक धोक्याचा असतो.

पंप घेण्याची रीत

औषध बरोबर असूनही दमा आटोक्यात येत नाही तेव्हा पहिली शंका पंप घेण्याच्या पद्धतीवर घ्यावी. मी स्वतः कित्येक महिने पंप चुकीचा घेत होतो. एकदा सहज आरशासमोर घेतला, तेव्हा ओठांच्या कोपऱ्यातून पांढरट धुके बाहेर पडताना दिसले. जे आत जायला हवे होते ते आरशावर जात होते. तेव्हापासून अधूनमधून आरशासमोर पंप घेतो आणि ही सवय कोणालाही सुचवीन.

दाबून फवारा उडवायच्या पंपाची रीत अशी. टोपण काढून तोंडाचा भाग आत स्वच्छ आहे ना ते पाहावे आणि पंप चांगला हलवावा. ताठ बसून किंवा उभे राहून श्वास सावकाश पूर्ण सोडावा. पंपाचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत, तोंडाने हळू आणि खोल श्वास घ्यायला सुरुवात करावी आणि त्याच क्षणी पंप एकदा दाबावा. श्वास मध्येच न तोडता शेवटपर्यंत घ्यावा, मग पंप काढून १० सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखावा. दुसरा फवारा हवा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबावे आणि पंप पुन्हा हलवून तीच क्रिया करावी. दोन फवारे एकदम उडवू नयेत. दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसवणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे, आणि दोन्हींत अर्ध्या सेकंदाचे अंतर पडले तरी बरेचसे औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच राहते.

यावर उत्तम तोड म्हणजे स्पेसर, म्हणजे पंपाच्या पुढे जोडायची पोकळ नळी. फवारा आधी तिच्यात साठतो आणि रुग्ण एक सावकाश खोल श्वास घेऊन, किंवा चार ते सहा साधे श्वास घेऊन तो आत ओढतो. मुलांसाठी स्पेसर हवाच, पण मोठ्यांनीही तो पोरकटपणा समजून टाळू नये. एका वेळी त्यात एकच फवारा सोडावा. महिन्यातून एकदा तो साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच उभा वाळू द्यावा. फडक्याने आतून पुसल्यास प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटून बसते.

कोरड्या पावडरीच्या पंपाची रीत याच्या उलट असते. तिथे पावडर उडवण्याचे काम आपल्या श्वासालाच करायचे असल्याने श्वास सुरुवातीपासून जोरात आणि खोल घ्यावा लागतो. त्यात फुंकर मारू नये, कारण तोंडातल्या ओलाव्याने पावडरीची गुठळी होते. दोन प्रकारचे पंप एकाच वेळी वापरणाऱ्यांची या दोन रीतींमध्ये हमखास गल्लत होते. शक्य असल्यास दोन्ही औषधे एकाच प्रकारच्या पंपातून मागून घ्यावीत.

दाबायचा पंप संपला हे त्याच्या आवाजावरून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू काही काळ फुस्स करून बाहेर येतो आणि रुग्णाला आपण औषध घेतले असे वाटते. पाण्यात टाकून तरंगतो का, हे पाहण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप घ्यावा किंवा मोजून ठेवावे: १२० फवाऱ्यांचा पंप दिवसाला चार फवाऱ्यांप्रमाणे बरोबर ३० दिवस पुरतो.

दमा कशाने उचल खातो

सगळ्यांनी सगळे टाळावे, अशी यादी घेऊन बसल्यास जगणेच अवघड होईल. आपला दमा कशाने बिघडतो हे दोन महिन्यांच्या नोंदींतून शोधावे आणि तेवढेच मनावर घ्यावे. सर्वांना लागू पडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तंबाखूचा धूर. स्वतः ओढलेला आणि दुसऱ्याने सोडलेला, दोन्ही. धूम्रपानाने श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडचा परिणामही कमी होतो. सर्दीचे विषाणू हे अटॅकचे सर्वांत नेहमीचे कारण आहे, म्हणून दर वर्षीची फ्लूची लस घ्यावी आणि सर्दीच्या पहिल्या दिवसापासून सुजेचे औषध चुकवू नये.

धुळीची ॲलर्जी म्हणजे बहुतेकदा धुळीतल्या अतिसूक्ष्म किड्यांच्या विष्ठेची ॲलर्जी असते. हे किडे गाद्या-उशांमध्ये राहतात आणि माणसाच्या झडलेल्या त्वचेवर जगतात. अंथरूण-पांघरूण आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले की ते मरतात. कोरड्या झाडूने मात्र त्यांची उधळणच होते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसावे. बुरशी, झुरळे, पाळीव प्राणी आणि उग्र वास यांची चौकशीही करावी. औषधांपैकी ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन काही रुग्णांना मुळीच चालत नाहीत, आणि रक्तदाब व हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधे, काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा, दमा बिघडवू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा सांगायचे कोणाच्या मनातही येत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

ज्यांना परागकणांमुळे शिंका आणि नाक वाहण्याचा त्रास होतो, त्यांनी नाकाचा उपचार दम्याचाच भाग समजावा. मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळाबरोबर फुटलेले परागकण जमिनीलगतच्या हवेत पसरले आणि हजारो लोक श्वास अडून रुग्णालयांत धावले. त्यांच्यापैकी अनेकांना तोवर दम्याचे निदान झालेले नव्हते, नुसती नाकाची ॲलर्जी होती.

व्यायाम टाळण्याच्या यादीत घालू नये. आधी दहा-पंधरा मिनिटे अंग तापवावे, थंड हवेत नाकातोंडावर रुमाल घ्यावा आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर आधी आरामाचा पंप घ्यावा. तरीही दम लागत असेल तर सुजेचा उपचार अपुरा पडतो आहे असे धरावे.

बिघडू लागल्यावर

अटॅक क्वचितच अचानक येतो. सहसा त्याआधी काही दिवस रात्रीची झोप मोडू लागते, पंप अधिक वेळा लागतो, त्याचा आराम पूर्वीइतका टिकत नाही. या दिवसांत काय वाढवायचे, किती, आणि कधी दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांकडून आधीच एका कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद घरच्यांनाही माहीत असावा.

अटॅक आलाच तर रुग्णाला ताठ बसवावे; आडवे करू नये, एकटे सोडू नये. लिखित आराखडा नसेल तर साल्ब्युटामॉलसाठी लक्षात ठेवायला सोपी रीत चारांची आहे: स्पेसरमधून एकेक करून ४ फवारे, प्रत्येक फवाऱ्यासाठी ४ श्वास, मग ४ मिनिटे थांबणे. आराम नसेल तर पुन्हा तेच करावे. त्यानंतरही फरक नसेल तर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत दर ४ मिनिटांनी ४ फवारे देत राहावे.

काही खुणा दिसल्या तर मात्र ही वाट न पाहता रुग्णवाहिका आधी बोलवावी आणि फवारे नंतर सुरू करावेत: एक वाक्यही एका दमात बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, श्वासागणिक गळ्याखालची आणि बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जाणे, गुंगी येणे किंवा गोंधळल्यासारखे होणे. घरघर अचानक थांबणे आणि रुग्ण तरीही थकलेला दिसणे ही सर्वांत फसवी खूण आहे. आवाज होण्याइतकीही हवा आत-बाहेर होत नसल्याचे ते लक्षण असते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा चांगला दिसला म्हणूनही थांबू नये, कारण मोठ्या अटॅकच्या सुरुवातीला तो सामान्य राहू शकतो.

अटॅक ओसरल्यावर सूज शिल्लक असते. तोंडावाटे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर प्रौढांसाठी त्या सहसा ५ ते ७ दिवसांच्या असतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून त्या थांबवू नयेत. रुग्णालयातून घरी आल्यापासून दोन दिवसांच्या आत नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. जाताना सगळे पंप, स्पेसर आणि नोंदींची वही बरोबर न्यावी आणि त्यांच्यासमोर एकदा पंप घेऊन दाखवावा.